पाव मापाचा पिवळा कब: लाकूड ठेवा, स्क्रूची पिशवी फेका

लाकडाला शंभरापैकी पंच्याऐंशी, इंजिनाला नव्वद, काऊलला (इंजिनावरच्या झाकणाला) पन्नास आणि नट-बोल्टच्या पिशवीला भोपळा. रिमोटवर उडणाऱ्या या पेट्रोल विमानाचं किट घ्यावं की नाही एवढंच ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी उत्तर: घ्या. पण खोक्याच्या किमतीखेरीज सात-आठ हजार रुपये वेगळे काढून ठेवा आणि एक शनिवार नागदेवी स्ट्रीटला द्या. बाकीच्यांनी पुढे वाचा.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते, राहते भांडुपला. विमानांचा नाद माझा नाही, दादाचा. तो बोटीवर इंजिनीअर. घरी असला की असली खोकी मागवत बसतो. हे खोकं दारात आलं तोवर स्वारी बोटीवर चढलीसुद्धा होती. फोनवर म्हणाला, "अगं, नव्वद टक्के तयारच येतं. तू नुसतं जोडायचंस." उडवणार माझी भाची, म्हणजे त्याचीच लेक, शाळेत असल्यापासून ती बॅटरीवरची छोटी विमानं उडवते, हात चांगला आहे तिचा. थोडक्यात, बापाने पैसे टाकायचे, लेकीने उडवायचं आणि मधलं सगळं आत्याने निस्तरायचं.

विमान आहे पायपर जे-३ कब, खऱ्याच्या पाव मापाचं. अमेरिकेत १९३८ ते १९४७ या काळात ही विमानं जवळजवळ वीस हजार निघाली; हळदीसारखा पिवळा रंग आणि अंगावर काळी वीज, चित्रातही कुणी ओळखेल. खऱ्या कबचा पंख ३५ फूट ३ इंच, म्हणजे आपल्याकडे आलेला साधारण २.६९ मीटर, आणि लांबी १.७ मीटर. इंजिन, बॅटऱ्या, सर्व्हो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) सगळं धरून आमचं वजन आठ किलोच्या आसपास गेलं. किट कोणत्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण दोन सुट्या भागांवरून विक्रेत्याशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे. तसंही या मापाच्या पेट्रोलवाल्या किटांना जे लागू आहे तेच सांगणार आहे.

खोकं आमच्या लिफ्टमध्ये मावलं नाही. आडवं नाही, उभं नाही, तिरकंही नाही. पाचव्या मजल्यापर्यंत जिन्याने वर चढवलं. पॅकिंग मात्र नमुनेदार होतं. पंखाचे दोन भाग, धड, शेपट्या, पंखाच्या तिरक्या दांड्या, सगळं वेगवेगळ्या कप्प्यांत, टोकांना फोम. कुठे चीर नाही, ठोका नाही.

लाकूड बघून मी खरोखर खूश झाले. बाल्सा आणि प्लायचं काम लेझरने कापलेलं, खाचा एकमेकींत बसलेल्या, सांध्यांना गोंद पोचलेला. पंखाची दोन अर्धी ज्या ॲल्युमिनिअमच्या नळीवर चढतात ती नळी हाताने ढकलली की जाते आणि सोडली की आपोआप सरकत नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांकडून असा फिट करून घ्यायला मला दिवाळी उजाडते. आडवी शेपटी पंखाला समांतर आहे का, उभी शेपटी तिला काटकोनात आहे का, हे दोरा आणि गुण्या लावून पाहिलं. पंखाच्या दोन्ही टोकांपासून शेपटीच्या टोकांपर्यंतची अंतरं मोजली. फरक दोन मिलिमीटर. एवढ्या मोठ्या कामात दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.

आता बिजागऱ्या. पंखाच्या कडेचे एलेरॉन, आडव्या शेपटीचा एलिव्हेटर, उभ्या शेपटीचा रडर हे सगळे हलणारे भाग बिजागऱ्या बसवूनच आले होते. मॅन्युअल म्हणतं, "तपासून घ्या." कसं तपासायचं ते म्हणत नाही. मी प्रत्येक बिजागरीशी दोन्ही बाजूंना बोटं रोवून चांगलं ओढून पाहिलं. डाव्या एलेरॉनची बाहेरची बिजागरी कटकन हातात आली. खाचेत डोकावून बघितलं तर गोंद फक्त तोंडाशी, आत लाकूड कोरं. उडताना हा भाग सुटला असता तर विमान कुणाच्या डोक्यावर आलं असतं याचा विचार करायला नको. सगळ्या काढता आल्या तेवढ्या काढल्या, बिजागरीच्या खिळीवर काडीने व्हॅसलीनचा ठिपका लावला म्हणजे सांधा जाम होणार नाही, आणि तीस मिनिटं लागणारा इपॉक्सी खाचेत आतपर्यंत भरून परत बसवल्या. पाच मिनिटांचा इपॉक्सी इथे वापरू नका. मुंबईच्या उकाड्यात तो पाच मिनिटंही थांबत नाही.

आणि मग ती पिशवी.

पारदर्शक पिशवीत स्क्रू, नट, वॉशर, सर्व्होपासून पंखापर्यंत जाणाऱ्या लोखंडी काड्या, काड्यांच्या टोकांना लावायचे चिमटे, असं सगळं एकत्र कोंबलेलं. एका काडीवर चिमटा फिरवायला घेतला. पहिले दोन आटे गेले, तिसऱ्याला जड झाला. नवखा माणूस इथे पक्कड लावतो. मी पिच गेज लावला. काडीवर ४-४० चे इंची आटे, चिमट्याच्या आत एम३ चे मेट्रिक. पहिल्याचा पिच ०.६३५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ०.५. जाडीही जवळजवळ सारखीच, म्हणून सुरुवातीला फसवून आत जातात. जोर लावला की चिमट्याचे आटे खाल्ले जातात आणि वरून तर घट्ट बसल्यासारखं वाटतं. अशा चिमट्यावर एलिव्हेटर लटकवायचा? भाची म्हणाली, "आत्या, बॉलजॉइंट घेऊ या ना सरळ." पोरगी शहाणी आहे.

ॲलन बोल्टांचीही तीच कथा. इंजिनाचा एक बोल्ट व्हाइसमध्ये धरून ॲलन कीने जरासा पिळला, तर षट्कोनी भोक गोल झालं. मऊ लोखंड. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "मॅडम, हार्डवेअर हे काँप्लिमेंटरी आहे."

इथे जरा थांबून सांगते, कारण हे एकदा पटलं की पुढची सगळी जोडणी आपोआप समजते. बॅटरीवरच्या विमानात मोटर गुळगुळीत फिरते. ग्लो इंजिनं (मिथेनॉलच्या खास इंधनावरची) लहान, त्यांचा हादरा बारीक. हे पेट्रोल इंजिन एका सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, आणि प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. सात हजार आरपीएमला सेकंदाला शंभराहून जास्त ठोके, आणि ते बसतात कशावर तर सहा मिलिमीटर प्लायच्या फळीवर. या विमानाचं खरं वैर थरथरीशी आहे. ज्याने धड बनवलं त्याला विमान कळतं. ज्याने पिशवी भरली त्याच्या डोळ्यांपुढे ही थरथर कधी आलीच नसावी.

तेव्हा पिशवी बाजूला ठेवली आणि मसजिद बंदरला उतरून नागदेवीला गेले. माहीत नाही असं म्हणायची सोय मुंबईत नाही, तरी सांगते: बोल्ट, बेअरिंग, वॉशर, सर्क्लिप, स्प्रिंग, जे हवं ते या गल्लीत मिळतं, फक्त माप आणि ग्रेड तोंडपाठ हवी. "एक डझन द्या" म्हटलं की काही दुकानदार वर बघतही नाहीत, त्यांचा व्यवहार किलोवर आणि शेकड्यावर. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "कशाला लावायचेत?" विमानाला म्हटल्यावर आधी हसले, मग १२.९ ग्रेडचे ॲलन बोल्ट, नायलॉक नट आणि रुंद वॉशर स्वतः मोजून दिले. मापाला हवे त्याहून पाच मिलिमीटर लांब बोल्ट घ्यायला त्यांनीच सुचवलं. कापता येतात, वाढवता येत नाहीत. स्टेनलेसचे घ्यावेसे वाटतात, खारी हवा आहे म्हणून, पण इंजिन धरायला मी घेतले नाहीत. साधं स्टेनलेस दिसायला छान, ताकदीला १२.९ च्या जवळपासही नाही. बॉलजॉइंट आणि मेटल गिअरचे सर्व्हो अर्थातच हॉबीवाल्याकडून ऑनलाइन. वायर, प्लग आणि श्रिंक ट्यूब लॅमिंग्टन रोडवरून.

इंजिन दादाने डीएलई-३० पाठवलं होतं. ३०.५ सीसी, कंपनीच्या कागदावर ८५०० आरपीएमला ३.७ अश्वशक्ती, नुसतं इंजिन ९१० ग्रॅम. हे मी सुटं करून पाहिलं, सवयच आहे. ३६ बाय ३० मिलिमीटरचं बोअर-स्ट्रोक, बेअरिंगला खडखड नाही, कास्टिंगच्या कडा साफ. या किमतीत एवढं स्वच्छ काम बघून बरं वाटलं. नव्वदच दिले कारण सायलेन्सरचे बोल्ट. त्याबद्दल पुढे येईलच.

इंजिन बसते त्या पुढच्या फळीला फायरवॉल म्हणतात. किटमध्ये ती फक्त कडेने चिकटवलेली होती. मी धडाच्या बाजूंतून आडवी बारीक भोकं पाडली, पतंगाच्या कामट्या तासून त्यांच्या खुंट्या केल्या आणि इपॉक्सीत बुडवून ठोकल्या. संक्रांत होऊन गेलेली, घरात कामट्यांना तोटा नव्हता. आतल्या कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या भरल्या आणि सगळ्या फळीवर पातळ इपॉक्सीचा हात फिरवला, कारण पेट्रोल आणि तेल प्लायमध्ये मुरलं की थर सुटतात. फळी मुळातच उजवीकडे किंचित वळवलेली असते, प्रॉपच्या (पुढच्या पंख्याच्या) फिरण्याने नाक डावीकडे ओढलं जातं त्याचा तो उतारा. ती तिरकी दिसते म्हणून वॉशर घालून "सरळ" करायला जाऊ नका.

प्रत्येक धातूच्या आट्याला निळं थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद. लाल नाही, लाल लावलं की पुढे तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि प्लॅस्टिकच्या जवळही नेऊ नका, काही प्लॅस्टिकं त्याने तडकतात.

थ्रॉटलच्या काडीबद्दल मॅन्युअलमध्ये अवाक्षर नाही. पिशवीत त्यासाठी लोखंडी काडी दिली आहे. इंजिनावर ठिणगी पाडणारी इग्निशन आहे, आणि धातूवर धातू थरथरला की रेडिओत खरखर यायची शक्यता. इंजिनाकडे जाणारी थ्रॉटलची आणि चोकची, दोन्ही काड्या नायलॉनच्या घ्या. इग्निशनचा डबा आणि त्याची बॅटरी पुढे इंजिनाजवळ. रिसीव्हर आणि त्याची बॅटरी मागे केबिनमध्ये. मध्ये निदान फूटभर अंतर. दोन्हीकडे दोन-दोन सेलच्या ६.६ व्होल्टच्या लाइफ (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटऱ्या लावल्या. इग्निशनचा डबा फोममध्ये गुंडाळून पट्ट्याने बांधला, स्क्रूने ठोकला नाही. ट्रान्समीटरवरून इग्निशन तोडणारा किल स्विच हा खर्च वाचवू नका. थ्रॉटलची काडी हवेत निसटली तर इंजिन बंद करायचा तो एकच मार्ग उरतो.

टाकीकडे बघून भाची म्हणाली, "ही कार्ब्युरेटरच्या खाली गेली तर चालेल?" ग्लोवाल्यांना टाकीच्या उंचीची फार काळजी असते. इथे वॉल्ब्रो पद्धतीचा कार्ब्युरेटर आहे. त्यातला पडदा क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो आणि पेट्रोल स्वतःच ओढतो. चार बोटं वर-खाली झाल्याने त्याला फरक पडत नाही. नळ्या मात्र पेट्रोलच्याच हव्यात, पिवळसर टायगॉन. किटमध्ये निळी सिलिकॉनची नळी आली आहे, ती ग्लो इंधनाची. पेट्रोलमध्ये ती फुगते, मऊ होते आणि टोकावरून सुटते. टाकीच्या बुचाचंही तेच. ही चूक छापील मॅन्युअलसकट पाठवणाऱ्या कंपनीला काय म्हणावं?

पेट्रोलचा प्रश्न आपल्याकडचा खास. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा हळूहळू कडक होतो. मुंबईच्या दमट हवेत तर बोलायलाच नको. आम्ही इथेनॉल नसलेलं महाग पेट्रोल घेतलं. दिवसाला दीड-दोन लिटरच लागतं, तेवढ्याने कुणी बुडत नाही. पंपावर प्लॅस्टिकच्या बाटलीत देत नाहीत, धातूचा कॅन न्या. त्यात टू-टी तेल ३० ला १, म्हणजे लिटरला ३३ मिली. औषधाची सिरिंज वापरा, अंदाजे ओतू नका.

काऊलला पन्नास का ते सांगते. फायबरग्लासचं काम चांगलं, रंग धडाच्या पिवळ्याशी जुळणारा. पण समोरून हवा आत यायला दोन भोकं आणि बाहेर जायला खाली बोटभर फट. हवा आत शिरून उपयोग काय, ती बाहेरही पडायला हवी. बाहेरचं तोंड आतल्या तोंडाच्या दुप्पट-तिप्पट असावं लागतं, तेव्हाच सिलिंडरच्या पात्यांमधून वारा खेळतो. खालचा भाग कापून काढला आणि आत बाल्साची एक आडवी भिंत उभी केली, म्हणजे हवा सिलिंडरला वळसा घालून पळून जाणार नाही. फायबरग्लास कापताना मास्क लावा आणि गॅलरीत बसा; ती धूळ कातडीत घुसली की रात्रभर खाज.

एक गंमत. किटबरोबर प्लॅस्टिकचा पायलट येतो, टोपी-गॉगलसकट, आणि मॅन्युअलमध्ये तो पुढच्या सीटवर चिकटवलेला दाखवलाय. कबमध्ये दोन सीटा एकामागे एक, आणि एकटा माणूस उडवतो तेव्हा तो मागच्या सीटवर बसतो. पुढे बसला तर वजनाचा तोल बिघडतो. बोटीवरून फोटो मागवणाऱ्या दादाला पायलट पुढे नको होता, भाचीला तो मुळातच नको होता. मागे बसवला. शेजारच्या आजोबांनी विमान बघितल्याबरोबर "हे तर पुष्पक!" म्हणून जाहीर केलं. तरुणपणी ते जुहूच्या बाजूला कामाला होते आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबची पुष्पकं त्यांनी रोज डोक्यावरून जाताना पाहिली होती. एचएएलचं पुष्पक १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. वर पंख, खाली केबिन, शेपटीला चाक, त्यामुळे लांबून साम्य आहे खरं. पण पुष्पकात दोघं शेजारी-शेजारी बसतात, म्हणून त्याचं धड रुंद. आजोबांना हे सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही.

सर्व्होची जोडणी भराभर झाली. एकच गोष्ट लक्षात ठेवायची: सर्व्होच्या हाताचं आतलं भोक, आणि एलेरॉनवरच्या शिंगाचं (काडी जोडायच्या तुकड्याचं) बाहेरचं. ताकद वाढते आणि सांध्यातला ढिलेपणा कमी जाणवतो. कबच्या एलेरॉनला वर जास्त, खाली कमी अशी चाल द्यावी लागते. दोन्ही सारखे हलवले तर उजवीकडे वळायला सांगितल्यावर याचं नाक आधी डावीकडे जातं, कारण खाली गेलेला एलेरॉन त्या बाजूचा पंख मागे ओढतो. भाचीने ट्रान्समीटरवर वर दोन वाटे आणि खाली एक असं बसवलं.

तोल काढायला एवढ्या मोठ्या विमानाचं तयार स्टँड घेण्याची गरज नाही. हॉलचा पंखा उतरवला, त्याच्या हुकाला नायलॉनचा दोर बांधला, पंखाच्या नळीखालून पट्टा घेतला आणि आख्खा कब हॉलमध्ये टांगला. टाकी रिकामी ठेवायची हे विसरायचं नाही. मॅन्युअलमधल्या खुणेवर टांगल्यावर शेपूट खाली गेलं. कबचं नाक आखूड असल्याने हे होतंच. आधी इग्निशनची बॅटरी फायरवॉलच्या अगदी पाठीशी सरकवली, मग रिसीव्हरचीही जेवढी पुढे घेता येईल तेवढी घेतली. उरलेल्यासाठी भांडुप कोळीवाड्यातून जाळ्याला लावायचं शिसं आणलं आणि इंजिनाच्या खोक्यात बोल्टने आवळलं. शिसं नुसतं चिकटवू नका. थरथर ते सोडवणार.

लाकडावर ताणून चिकटवलेल्या पिवळ्या फिल्मला मे महिन्यात सुरकुत्या आल्या. इस्त्रीवर जुना सुती मोजा चढवून, मंद ताप ठेवून, कडेपासून मधे असा हात फिरवला की परत ताणते. पहिल्या पावसानंतर परत येतील. त्याला इलाज नाही.

आता इंजिन सुरू कुठे करायचं? सोसायटीत नाही. गच्चीवर तर अजिबात नाही. सेक्रेटरींनी विचारायच्या आधीच मी नाही म्हणून टाकलं. उडवण्याचं तर मुंबईत नावच काढू नका. मुंबई पोलीस वेळोवेळी जे मनाई आदेश काढतात, त्यांत ड्रोन आणि पॅराग्लायडरबरोबर रिमोटवर चालणारी मायक्रोलाइट विमानंही असतात. विमानतळाभोवतीच्या पट्ट्यांचा प्रश्न वेगळाच. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची व्याख्या आहे, पण म्हणून कुठेही उडवायची मोकळीक मिळत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागेचा रंग बघा, नोंदणीचं काय लागतं ते वाचा, आणि गावच्या पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा. आम्ही मुरबाडच्या पुढे ओळखीच्यांच्या माळावर गेलो, व्हॅनने. पेट्रोल लागलेली वस्तू लोकलच्या लगेज डब्यात न्यायची नसते, भाचीच्या मित्राने तशी कल्पना काढली होती.

माळावर शेपटीचा दोर खुंट्याला बांधला, वर मी स्वतः शेपूट धरून बसले. पंखा किती गरगरतो हे बघायला प्रॉपच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, पोरं लांब उभी केली. प्रॉप लाकडी, १९ बाय ८ इंची. मधल्या भोकाभोवतीची बोल्टांची भोकं जिग लावून आपणच पाडायची. हाताने पाडाल तर तोल गेलाच. कार्ब्युरेटरच्या एल (मंद चालीची) आणि एच (जोराच्या चालीची) या दोन्ही सुया दीड-दीड फेरा उघड्या, चोक बंद, इग्निशन चालू, जाड हातमोजा घालून प्रॉप मारायचा. एकदा फुस्स झालं की चोक उघडायचा आणि परत मारायचा. लागलं. आवाज गवत कापायच्या यंत्राचा, पण जरा घोगरा. पहिल्या टाकीला सुया थोड्या श्रीमंतच, म्हणजे पेट्रोल जास्त जाईल अशा ठेवल्या, धूर दिसला तरी चालेल. मग पूर्ण थ्रॉटलला एचची सुई हळूहळू आवळत आवाज जिथे सर्वांत वर जातो तिथे नेली आणि तिथून दोन-तीनशे आरपीएम उतरेल इतकी परत सोडली. फेरे मोजायचा टॅकोमीटर नसेल तर उसना आणा, कानावर भरवसा ठेवू नका. शेवटी इंजिन चालू असतानाच ट्रान्समीटर घेऊन लांब चालत गेली भाची, रेंज बघायला, आणि मग तो बंद केला. थ्रॉटल आपोआप खाली आला. हे झाल्याशिवाय मी शेपूट सोडणार नव्हते.

उडण्याबद्दल मी फार बोलत नाही, ते माझं क्षेत्र नाही. वीस-पंचवीस पावलांत उचललं, आणि अर्ध्या थ्रॉटलवर सुखाने फिरत राहिलं. भाचीच्या मते वळताना रडरचा हात सतत लागतो, आणि वारा आडवा असेल तर उतरताना शेपूट पुढे यायला बघतं. बंजीवाले पाय चांगले आहेत, चाकं फार मऊ. दगड लागला की रिम बाहेर येते.

उतरल्यावर प्रॉप थांबायच्या आधीच मी ॲलन की हातात घेतली होती. इंजिनाचे चारही बोल्ट जागच्या जागी. सर्व्होंचे स्क्रू ठीक. सायलेन्सरचे दोन्ही बोल्ट ढिले, एक तर पाऊण फेरा. तिथे उष्णता इतकी असते की निळं थ्रेडलॉकर मऊ पडतं. डोक्यांना आडवी भोकं पाडून सेफ्टी वायर बांधली, तेव्हापासून हललेले नाहीत. दहा मार्क तिथे गेले. त्या बोल्टांना भोकं कारखान्यातच पाडून दिली असती तर काय बिघडलं असतं?

विक्रेत्याने नवी बिजागरी आणि केबिनच्या दाराची कडी पाठवतो म्हटलंय, अजून आलेली नाही. तोवर दाराला रबरबँड आहे. कबचं दार उजव्या बाजूला, वरची झडप वर आणि खालची खाली उघडते. दोन्ही स्विच आणि चार्जिंगचे प्लग त्याच्या आत घेतले, ही जागा किटमध्ये उत्तम सुचलेली आहे.

पहिलं विमान म्हणून हे घेऊ नका. लहान विमानांवर हात बसलेला असेल, घरात दोन मीटरची रिकामी भिंत असेल आणि आट्याचं माप ओळखणारं कुणी ओळखीत असेल, तर जरूर घ्या. घरी आणण्याआधी टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं संपेपर्यंत इंजिन तिथेच मंद चालवा. आम्ही पंख पलंगाखाली आणि धड भिंतीवर लावलंय, तरी पहिल्या दिवशी खालच्या वहिनी गॅस गळतोय का म्हणून विचारायला वर आल्या होत्या.